न खोदता ड्रेनेज लाइनची दुरुस्ती: लायनर चार मीटर, बिल अठरा मीटरचं

पुण्यातला चाळीसेक वर्षांचा जुना बंगला. मागच्या संडासाजवळच्या चेंबरपासून रस्त्याकडेच्या चेंबरपर्यंत १५० मिलिमीटर व्यासाची स्टोनवेअर (भाजलेल्या मातीच्या) पाइपची लाइन, लांबी १८ मीटर. वर पार्किंगची फरशी, कंपाउंडला लागून उंबराचं झाड. पावसाळ्यात दोनदा नहाणीच्या जाळीतून घाण पाणी उलटं वर आलं, तेव्हा घरमालकांनी इंटरनेटवर शोधून एक ठेकेदार बोलावला. त्याने चेंबरमध्ये कॅमेरा सोडला, स्क्रीनवर मुळांचं जाळं दाखवलं आणि सांगितलं, "काका, लाइन गेलीय. पण फरशीला हात लावायचा नाही. जुन्या पाइपात आतून नवा पाइप बसवतो, ५० वर्षांची गॅरंटी." दर मीटरला १३ हजार, म्हणजे २ लाख ३४ हजार रुपये. त्यातले ६० टक्के आगाऊ.

काम साडेतीन तासांत उरकलं. चेंबरमधून टॉर्च मारली तर पाइपाचं तोंड गुळगुळीत, चकचकीत. उरलेले पैसेही दिले गेले. दिवाळीच्या आधी संडास पुन्हा तुंबला, तेव्हा दुसऱ्या माणसाकडून कॅमेरा टाकून घेतला. वरच्या, म्हणजे संडासाकडच्या चेंबरपासून दोन मीटर लायनर (आतून बसवलेला नवा पाइप), खालच्या, रस्त्याकडच्या चेंबरपासून दोन मीटर लायनर, आणि मधले १४ मीटर जसेच्या तसे. मुळंसुद्धा जागच्या जागी. वरच्या लायनरची आतली कड नीट चिकटलेलीच नव्हती. ती बोटभर उचलली गेली होती आणि तिच्यात चिंध्या अडकून आधीपेक्षा पक्का बोळा बसला होता.

तंत्र मात्र खरं आहे, त्यावर राग काढू नये. १९७१ साली लंडनमध्ये एरिक वुड या इंजिनिअरने ही पद्धत पहिल्यांदा वापरली. पॉलिस्टर फेल्टची किंवा काचतंतूची नळी रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवायची, रोलरमधून काढून रेझिन सगळीकडे सारखं पसरवायचं, हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने ती मोज्यासारखी उलटत जुन्या पाइपात घालायची, आतून फुगवून पाइपाच्या भिंतीला घट्ट चिकटवायची आणि गरम पाण्याने, वाफेने, अतिनील दिव्याने किंवा नुसत्या हवेच्या तापमानाला घट्ट होऊ द्यायची. शेवटी चेंबर ते चेंबर एकच अखंड नवा पाइप तयार होतो. सांधाच उरत नाही, त्यामुळे मुळांना शिरायला फट राहत नाही. व्यास दोन्ही बाजूंनी तीन ते साडेचार मिलिमीटरने घटतो, पण आतला भाग गुळगुळीत असल्याने वाहण्यात फरक पडत नाही.

फसवणूक सोपी होते कारण हे सगळं जमिनीखाली घडतं आणि घरमालकाला दिसतात फक्त दोन तोंडं. पण त्या दिवशी अंगणात उभं राहूनही ती पकडता आली असती. ते कसं, ते नीट सांगतो.

पहिली खूण कॅमेऱ्याच्या व्हिडिओत होती. स्टोनवेअरचा पाइप बहुधा ६० सेंटिमीटरच्या तुकड्यांत येतो, म्हणजे कॅमेरा पुढे सरकताना दर दोन फुटांवर सिमेंटच्या सांध्याचं कडं दिसायलाच हवं. १८ मीटरमध्ये अशी तीसच्या आसपास कडी येतात. ठेकेदाराने दाखवलेल्या व्हिडिओत एक सांधा गेला की पुढचा तीन मीटरवर येत होता, आणि पाइपाची भिंत करडी, गुळगुळीत होती. तो पीव्हीसी पाइप होता, कुणा दुसऱ्याच्याच घरचा. म्हणून कॅमेरा आत जाण्याआधी आजची तारीख आणि घराचा नंबर लिहिलेला कागद लेन्ससमोर धरायला लावा. चित्रीकरण चेंबरच्या झाकणापासून सुरू झालं पाहिजे, मध्येच कुठून तरी नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यातला मीटरचा आकडा सलग वाढतोय का, तेही पाहा. काम झाल्यावरच्या व्हिडिओत या बंगल्यात तो आकडा १.८ वरून थेट १६.१ वर गेला होता. मधला भाग कापलेला. घरमालकांनी व्हिडिओ पाहिला होता, आकडा पाहिला नव्हता.

चांगल्या कॅमेऱ्याच्या डोक्यात छोटा ट्रान्समीटर असतो, सहसा ५१२ हर्ट्झचा. दोष जिथे दिसतो तिथे कॅमेरा थांबवून जमिनीवरून लोकेटर फिरवला की फरशीवर नेमकी जागा आणि खोली कळते. तिथे खडूने खूण करून फोटो काढायला सांगा. "अंदाजे मध्ये कुठेतरी" असं म्हणणाऱ्याने लोकेटर आणलेलाच नसतो.

दुसरी खूण रेझिनच्या डब्यांत. हा हिशोब कुणालाही जमतो. १५० मिलिमीटरच्या पाइपात ४.५ मिलिमीटर जाडीचा लायनर म्हणजे दर मीटरला सुमारे २.१ लिटर आकारमान. त्यातला थोडा भाग फेल्टचा धागाच व्यापतो, तर पाच-दहा टक्के रेझिन फटींत शिरण्यासाठी जास्तीचं लागतं. गोळाबेरीज मीटरला दोन लिटरच्या आसपास. १८ मीटरला ३५-३६ लिटर, म्हणजे वजनात ४० किलो. या बंगल्यात गाडीतून उतरले पाच-पाच किलोचे दोन डबे. दहा किलोत साडेचार मीटरच्या वर लायनर भिजतच नाही. तुमचा पाइप १०० मिलिमीटरचा आणि लायनर ३ मिलिमीटरचा असेल तर मीटरला साधारण एक किलो धरा. सीलबंद डबे मोजा, बॅच नंबर आणि मुदतीच्या तारखेचा फोटो घ्या, रिकामे डबे काम संपेपर्यंत हलवू देऊ नका. मुदत उलटलेलं रेझिन पूर्ण घट्ट होत नाही आणि लायनर कातड्यासारखा लवचिक राहतो.

नळीची लांबीही टेपने मोजून घ्या, भिजवण्याआधी. चेंबर ते चेंबर अंतर अधिक दोन्ही टोकांना जास्तीची.

तिसरी खूण सगळ्यात बोलकी, आणि ती यंत्राशिवाय दिसते. नहाणीची लाइन मुख्य लाइनला साधारण सातव्या मीटरवर मिळत होती. लायनर खरोखर चेंबर ते चेंबर गेला तर ते तोंड आतून बंद होतं. रोबोटिक कटरने कापून उघडेपर्यंत नहाणीचं पाणी जाऊच शकत नाही. इथे लायनर "सेट होत असताना" घरात भांडी धुतली जात होती आणि नहाणीतलं पाणी सुरळीत वाहत होतं. गाडीत कटरही नव्हता. "कनेक्शन कापून दिलं" अशी ओळ बिलात होती, तिचे वेगळे सात हजार.

वेळेचंही तसंच. आधी जेटिंग (जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने सफाई), मग साखळीच्या किंवा पात्याच्या कटरने मुळं छाटणं, पुन्हा कॅमेरा, मग नळी भिजवणं, घालणं, घट्ट होणं, कनेक्शन उघडणं, शेवटचा कॅमेरा. वाफ किंवा गरम पाणी न वापरता साध्या तापमानाला रेझिन घट्ट करायचं तर त्यालाच कित्येक तास हवेत. एप्रिल-मे महिन्यात उलटी अडचण असते. उन्हात ठेवलेलं रेझिन बादलीतच तापून घट्ट व्हायला लागतं, अर्धवट शिरलेली नळी तिथेच अडकते, आणि मग जी खोदाई टाळायची होती तीच करावी लागते. म्हणून उन्हाळ्यात मिश्रण सावलीत, बर्फाच्या पाण्यात डबा ठेवून करणारी टोळी काम जाणते असं समजा. पावसाळ्यात फटींतून पाणी आत येत असेल तर ते रेझिन धुऊन नेतं. तेव्हा आधी प्लास्टिकचं बाहेरचं आवरण घालावं लागतं, नाहीतर पाऊस सरेपर्यंत थांबावं.

आता ठेकेदाराने न सांगितलेली गोष्ट. या लाइनला मध्ये झोळ होता. जमीन बसल्याने नवव्या मीटरपासून पुढचे दोनेक मीटर खाली गेले होते, कॅमेरा तिथे पूर्ण पाण्यात बुडत होता. लायनर जुन्या पाइपाचाच आकार घेतो, त्याने झोळ कधीच निघत नाही. १५० मिलिमीटरच्या लाइनला साधारण ६० ला १ (६० मीटरमध्ये १ मीटर) उतार लागतो, १०० मिलिमीटरला ४० ला १. झोळात तो उलटा होतो, मैला बसतो, आणि प्रामाणिकपणे केलेलं लायनिंगसुद्धा तिथे तुंबतं. पाइप पूर्ण कोसळला असेल तरीही लायनर पुढे सरकत नाही. अशा जागी तेवढा तुकडा उघडून बदलणं हाच इलाज. दुसरी पद्धत पाइप बर्स्टिंगची. दोन टोकांना दोन खड्डे घेऊन जुना पाइप आतून फोडत मागून एचडीपीई (कडक प्लास्टिकचा) पाइप ओढून आणतात. पण ती करताना शेजारून पाण्याची किंवा गॅसची लाइन जात नाही ना, हे आधी तपासावं लागतं. आणि आमचं स्पष्ट मत असं: लाइन मोकळ्या बागेतून, कमरेपेक्षा कमी खोलीवर जात असेल तर सरळ खोदा. लायनिंगचा खर्च फरशी, भिंत, मोठं झाड किंवा रस्ता वाचवायचा असेल तरच पटतो.

पैसे देण्याआधी दोन तपासण्या. चेंबरमध्ये बाहेर आलेलं लायनरचं टोक कापतात, ते कडं मागून घ्या आणि व्हर्निअरने (जाडी मोजायच्या पट्टीने) चार जागी जाडी मोजा. नखाने दाबून खूण उठता कामा नये, टकटक केल्यावर आवाज कडक आला पाहिजे, कापलेल्या कडेला पांढरा कोरडा फेल्ट दिसता कामा नये. मोठं काम असेल तर तोच नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. एएसटीएम एफ १२१६ या अमेरिकी मानकात वाकवण्याच्या चाचणीतला मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, किमान १७२४ मेगापास्कल मागितलेला आहे. दुसरी चाचणी पाण्याची, कनेक्शन कापून उघडण्याच्या आधी. खालच्या तोंडाला फुगवणारा प्लग, वरच्या तोंडाला उभी नळी असलेला प्लग. चेंबरमध्येच पाणी भरून पाहू नका, विटांचं चेंबर स्वतःच पाणी पितं आणि वाद होतो. उभ्या नळीत पाणी भरून खूण करायची आणि अर्धा तास पाहायचं. अखंड लायनरमध्ये पाणी उतरत नाही.

करारात मीटर, व्यास, लायनरची जाडी, रेझिनचा प्रकार, आधीचा आणि नंतरचा सलग व्हिडिओ आणि पाण्याची चाचणी लिहून घ्या. आगाऊ रक्कम २५-३० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका आणि निदान २० टक्के चाचणीनंतरच द्या. "पोरगं आत उतरून बघेल" असं कुणी म्हणालं तर काम तिथेच थांबवा. चेंबरमधला वायू क्षणात माणूस घेतो. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने गटारात असं माणूस उतरवायला बंदी आहे, आणि काम देणारा त्यातून सुटत नाही.

फसवणूक झालीच असेल तर लाइनला हात लावण्याआधी दुसऱ्याकडून कागद धरून सलग व्हिडिओ करून घ्या. तोच पुरावा. ठेकेदाराला लेखी नोटीस, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. खोटा व्हिडिओ दाखवून पैसे घेतले असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांतही तक्रार होते.

त्या बंगल्यात शेवटी दोन्ही टोकांचे सुटलेले लायनर घासून काढावे लागले. झोळाच्या जागी अडीच मीटर फरशी उचलून १६० मिलिमीटरचा एसएन ८ (ताठपणाचा दर्जा) यूपीव्हीसी पाइप उतार धरून बसवला, आणि मग चेंबर ते चेंबर सलग १८ मीटर लायनर. डबे उतरवताना मोजले, आठ होते, प्रत्येकी पाच किलोचे. लायनर घट्ट होऊन कनेक्शन उघडेपर्यंत, संध्याकाळी साडेसहापर्यंत, नहाणीत पाणी तुंबून उभं होतं. कापलेलं कडं ४.४ मिलिमीटर भरलं.