पास्ता: इटलीचा घ्यावा की इथला?

आमच्या वाण्याकडे शेवयांच्या शेजारच्या फळीवर हल्ली इटलीचा पास्ता दिसतो. अर्ध्या किलोचा पुडा, किंमत इथल्या स्वस्त पुड्याच्या दुपटीहून जास्त. मी दोन्ही आणले आणि दोन पातेल्यांत शेजारी शेजारी शिजवले. दोन्ही पेने, म्हणजे तिरक्या कापलेल्या नळ्यांचा पास्ता, पाणी आणि मीठही सारखंच.

दहाव्या मिनिटाला इटलीच्या पेनेचा तुकडा मधोमध कापला, तर नळीच्या जाडीत कच्चेपणाचा बारीक पांढरा ठिपका. आणखी मिनिटभरात तो गेला, तरी तुकडा दाताला लागत होता. इथला पास्ता तोवर कडेने फाटला होता आणि पातेल्यात पेज झाली होती.

पण याचा दोष 'इथला' असण्याला देऊ नका. माझ्या त्या पुड्यावर घटकांत पहिलाच शब्द मैदा होता. इटलीत १९६७ च्या कायद्यापासून सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच करतात. ड्युरम म्हणजे आपला बन्सी! कडक, पिवळसर दाण्याचा हा गहू. त्याच्या रव्याचा पास्ता उकळत्या पाण्यातही आकार धरून राहतो. मग मी 'ड्युरम गव्हाचा रवा' असं छापलेला इथलाच पुडा आणला. तो फाटला नाही, चिकटला नाही. इटलीच्या पुड्याशी तुलना करायची तर ती याच्याशी करावी.

मग उरतो पृष्ठभाग. ब्रॉन्झच्या साच्यातून काढलेला पास्ता पिठी लावल्यासारखा फिकट दिसतो, बोटाला खरखरीत लागतो आणि सॉस धरून ठेवतो. टेफ्लॉनच्या साच्यातला गुळगुळीत, चकचकीत असतो, सॉस त्यावरून घसरतो. बाहेरून आलेला प्रत्येक पुडा ब्रॉन्झचा नसतो. त्यावर 'अल ब्रोन्झो' हे शब्द शोधा. ते नसतील तर जास्तीचे पैसे मी तरी देणार नाही.

डब्यासाठी कांदा, टोमॅटो, सिमला मिरची घालून कढईत पुन्हा परतायचा असेल, तर इथला ड्युरमचा पुडा घ्या. मुलांना मऊच आवडतो, आणि मऊ शिजवल्यावर इटलीच्या पुड्याचा सगळा गुण वाया जातो. लसूण, ऑलिव्ह तेल, लाल मिरची एवढंच घालून स्पॅगेटी करणार असाल, तर मात्र ब्रॉन्झवाली आणा. तिथे लपायला मसाला नसतो, गव्हाचीच चव लागते. मैद्याचा पुडा कशासाठीच नको.

विकत घेताना आयातदाराचं लेबल कुठे चिकटवलंय तेही बघा. त्यावर नाव, पत्ता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण असते. माझ्या पुड्यावर ते नेमकं शिजवायच्या वेळेवर बसलं होतं. नखाने सोलल्यावर खाली 'कोत्तुरा', म्हणजे शिजवणं, आणि पुढे ११ मिनिटं. त्याच्या एक मिनिट आधीच पास्ता चाळणीत काढा आणि शिजवलेलं वाटीभर पाणी राखून ठेवा, सॉस त्यानेच मिळून येतो.