बोगमाळोचं विमान म्युझियम: नुसते फोटो काढायला जाऊ नका, व्याख्यान असेल तेव्हा जा

दाबोळी विमानतळाकडून बोगमाळो बीचला जाताना रस्त्यालाच नौदलाचं विमान म्युझियम लागतं, १९९८ पासून आहे, आणि आपल्या सावंतवाडी, कुडाळ, मालवणकडचे कितीतरी लोक त्याच्यासमोरून बीचवर जातात आणि तसेच परत येतात. जे आत शिरतात तेही अर्ध्यापाऊण तासात बाहेर, कारण विमानासमोर पोरांना उभं करून फोटो काढले की पुढे काय बघायचं हेच कळत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका मंडळाने म्युझियमची सहल आणि त्याला जोडून लष्करी इतिहासावर दोन व्याख्यानं असा दिवसभराचा कार्यक्रम ठेवला होता, त्याला आम्ही सगळे घरचे गेलो. रिव्ह्यू मुख्यतः त्याबद्दल आहे, कारण म्युझियम तेच असलं तरी सांगणारा माणूस सोबत असला की ते वेगळंच दिसतं.

सकाळचं व्याख्यान हॉलमध्ये नव्हतंच, म्युझियमच्या आवारात विमानांच्या मधून फिरत फिरत झालं. बोलणारे काका मालवणच्या बाजूचे, नौदलात विमानांचे मेकॅनिक होते, आता रिटायर. ना पीपीटी, ना माईक. सी हॉक या नौदलाच्या जुन्या लढाऊ जेट विमानापाशी थांबले आणि पहिली गोष्ट दाखवली ती शेपटीखालचा हूक. मी त्या विमानाचे फोटो आधी पाहिलेत पण त्या हूककडे कधी लक्षच गेलं नव्हतं. विमानवाहू जहाजाच्या डेकवर आडव्या वायरी टाकलेल्या असतात, विमान उतरताना हा हूक त्यातल्या एखाद्या वायरीत अडकतो आणि विमान थोडक्या जागेत थांबतं, हे आपल्याला साधारण माहीत असतं. पण डेकला चाकं टेकल्या टेकल्या पायलट इंजिन कमी करत नाही तर उलट फुल करतो, हे मला माहीत नव्हतं. का, तर हूक चुकला तर तसाच परत उडता आला पाहिजे. काका म्हणाले, "अडाकलो तर अडाकलो, नायतर परत उडाक व्हया. इंजिन कमी करून बसलास तर सरळ दर्यात." पोरं एकदम गप्प झाली आणि मग सगळ्यांना तो हूक खाली वाकून बघायचा होता.

त्याच विमानात अजून एक दाखवलं, की सी हॉकला मागे शेपटीत जेटचं भोक नाही. त्याच्या नीन नावाच्या इंजिनाचा झोत दोन भागांत वाटून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर काढलाय, त्यामुळे शेपटीकडचा भाग टाकीसाठी मोकळा मिळाला. आणि पंख वरच्या बाजूला दुमडतात कारण जहाजाच्या लिफ्टमधून खाली हँगरमध्ये न्यायचं तर जागा कुठे. शेजारी अलिझे होतं, ते पंख्याचं, पाणबुड्या शोधायचं विमान, तीन माणसांचं. त्याच्या पोटातून रडारचा घुमट खाली यायचा आणि काम झालं की परत आत जायचा. काकांनी हे सगळं हात न लावता नुसतं बोटाने दाखवून सांगितलं आणि आम्हाला पण हात लावू दिला नाही, जे बरोबरच आहे, समुद्राच्या एवढ्या जवळ उघड्यावर ठेवलेलं अॅल्युमिनियम आधीच खाऱ्या हवेशी झगडतंय.

मग १९७१ चं युद्ध आलं. काका भरती झाले ते युद्धानंतर, पण ज्यांनी त्या विमानांना बॉम्ब लावले त्यांच्याच हाताखाली शिकले, आणि ते बोलण्यात जाणवतं. आपलं तेव्हाचं विमानवाहू जहाज म्हणजे जुनी विक्रांत, तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे वेग कमी झालेला, आणि विमानवाहू जहाजाचा वेग कमी झाला की विमान उडवण्यासाठी डेकवर लागणारा समोरचा वारा पण कमी मिळतो. परत कॅटापुल्ट, म्हणजे विमानाला डेकवरून झटक्यात पुढे फेकणारं यंत्र, तेही वाफेवरचं, म्हणजे वाफही त्याच बॉयलरची. अशा अवस्थेत जहाज बंगालच्या उपसागरात पाठवलं आणि ४ डिसेंबरपासून सी हॉकनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. विक्रांतला शोधत आलेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. हे सगळं पुस्तकात मिळतं, पण बॉयलर, वाफ, वारा आणि समोर उभं असलेलं विमान हे एकमेकांना जोडून कोणी दाखवलं नव्हतं.

एक गोष्ट मनाला लागली. विक्रांत मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती तेव्हा आपल्यापैकी बरेच जण बघून आलेत, ते २०१२ ला बंद झालं आणि २०१४ मध्ये जहाज भंगारात गेलं. त्या डेकवरून उडणाऱ्या जातीची विमानं बघायची तर आता ही अशीच काही ठिकाणं उरलीत. १९६१ च्या मे महिन्यात लेफ्टनंट तहिलियानींनी विक्रांतवर पहिलं जेट उतरवलं आणि पुढे तेच नौदलप्रमुख झाले, हे सांगताना काकांचा आवाज जरा बदलला होता.

सी हॅरियरपाशी पोरांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला, कारण ते सरळ खाली उतरणारं विमान. पोटाच्या दोन्ही बाजूंना इंजिनाचा झोत सोडणारी, फिरणारी मिळून चार तोंडं आहेत तेवढी नीट बघा. १९८३ ला ही विमानं दाबोळीत आली आणि २०१६ ला इथेच निवृत्त झाली. तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन तर आवारातलं सगळ्यात मोठं, आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान, मग हवाई दलात, मग नौदलात समुद्रावर टेहळणीला. आतली दालनं ठीक आहेत, मॉडेल्स, फोटो, इंजिनं. बाहेरचं ऊन चढलं की आत जा.

दुपारचं व्याख्यान वास्कोत एका हॉलमध्ये होतं, विषय १९६१ चा गोवा मुक्तिसंग्राम आणि त्यात विमानांचं काम. विषय जबरदस्त. १८ डिसेंबरला सकाळी पुण्याहून आलेल्या हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले पण टर्मिनलला धक्का लावायचा नाही असा हुकूम होता, आणि तरी रात्री उरलेल्या धावपट्टीवरून पोर्तुगीजांची दोन विमानं उडाली आणि कराचीला निघून गेली. सकाळी आपण ज्या धावपट्टीच्या बाजूला उभे होतो तीच ही. वक्त्यांनी गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीचा १९५५ चा सत्याग्रह पण जोडून घेतला ते मला फार आवडलं, कारण तिथे निःशस्त्र माणसं गोळ्या खाऊन पडलीत आणि आपण हायवेने जाताना त्या स्मारकापाशी गाडी पण हळू करत नाही.

पण इथे दोनतीन गोष्टी खटकल्या त्या लिहितोच. कार्यक्रम उशिरा सुरू झाला, आणि त्यात दीपप्रज्वलन, सत्कार, शाल श्रीफळ, मनोगतं यात इतका वेळ गेला की वक्त्यांना शेवटी घाईत आवरावं लागलं आणि त्याच वेळच्या, कारवारजवळच्या अंजदीव बेटावरच्या लढाईवर त्यांना जे बोलायचं होतं ते एका वाक्यात संपलं. तिथे नौदलाचे सात जण शहीद झाले, त्याला एक वाक्य? स्लाइड सगळ्या इंग्रजीत, समोर बसलेले निम्मे लोक गावाकडचे ज्येष्ठ आणि शाळेतली पोरं. माईक मधेच बंद पडत होता. सत्कार करायचाच तर शेवटी करा ना, ज्यांना थांबायचंय ते थांबतील.

मला सकाळचं व्याख्यान दुपारच्यापेक्षा शंभर पटीने आवडलं आणि त्याचं कारण वक्ता मोठा की छोटा हे नाही. लष्करी इतिहास म्हटलं की आपण अधिकाऱ्याला किंवा प्राध्यापकाला बोलावतो, पण कोकणातल्या गावागावात नौदलातून आलेले मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, कुक, सिग्नलवाले बसलेत, ज्यांनी ही विमानं आणि जहाजं रोज हाताळली, आणि त्यांना कोणी कधी विचारलेलं नाही. काकांना पण हे पहिल्यांदाच कोणीतरी बोलायला सांगितलं होतं. २०२३ ला तारकर्लीला नौदल दिन झाला तेव्हा नौदलाची मिग-२९के लढाऊ विमानं डोक्यावरून गेली आणि सगळी किनारपट्टी बघायला लोटली होती, म्हणजे आवड आहे लोकांना, फक्त सांगणारे समोर यायला हवेत.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी बंद असतं, निघण्याआधी वेळ एकदा बघून घ्या. तिकीट किरकोळ आहे. शक्यतो सकाळी जा, एक तर ऊन कमी आणि दुसरं म्हणजे बाजूलाच नौदलाचा विमानतळ आयएनएस हंसा, नशीब असेल तर चालू काळातली लढाऊ विमानं उडताना दिसतात, त्या आवाजाने आमच्या धाकट्याने कान धरले पण नजर हटवली नाही. ज्येष्ठ मंडळी असतील तर टोपी आणि पाणी ठेवा, विमानं बाहेर उघड्यावर आहेत आणि फिरावं लागतं.

म्युझियमला पाचपैकी पाच, सकाळच्या कार्यक्रमाला पाच, दुपारच्याला तीन, ते पण विषयासाठी. मंडळवाले वाचत असतील तर पुढचं व्याख्यान कुडाळ किंवा वेंगुर्ल्याला घ्या, मराठीत घ्या, एखाद्या शाळेत घ्या म्हणजे हॉलचं भाडं पण वाचेल, आणि ज्यांच्या घरात कोणी नौदलात होतं त्यांना जुने फोटो घेऊन यायला सांगा. आमच्या वाडीतच असे दोघेतिघे आजोबा आहेत, त्यांना गाडीत बसवून आणायचं काम माझं.