पीएमएसएस की शिक्षण अनुदान? माजी सैनिकाच्या घरचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी फोन सुरू होतात. मी हवालदार म्हणून पेन्शनवर आलेला माणूस. दोन मुलींचे फॉर्म भरताना व्हायच्या त्या सगळ्या चुका करून झाल्यात, म्हणून गावातले माजी सैनिक मलाच विचारतात, "पीएमएसएस भरू, का ते शिक्षणाचं अनुदान?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो : पोरगी कोणत्या कोर्सला जाणार?

दोन्ही योजना माजी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या, दोन्हींचे अर्ज ऑनलाइन, आणि दोन्हींसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढावी लागते. म्हणून लोकांना त्या एकच वाटतात. पैसा मात्र वेगळ्या खिशातला. पंतप्रधान शिष्यवृत्ती, म्हणजे पीएमएसएस, राष्ट्रीय संरक्षण निधीतून येते. अनुदान येतं ध्वजदिन निधीतून. ७ डिसेंबरला शाळेत टाचणीनं छातीला लावायचो ना ते चिमुकलं निशाण, तोच हा निधी.

आधी रकमा बघू. पीएमएसएसमध्ये मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ३६,००० आणि ३०,०००. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला मुलीचे १,४४,००० होतात. अनुदान परवापरवापर्यंत महिना १,००० होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते २,००० झालं. वर्षाचे २४,०००. म्हणजे मुलीच्या बाबतीत फरक वर्षाला १२,००० आणि मुलाच्या बाबतीत फक्त ६,०००. अनुदान दुप्पट होण्याआधी कुणी सल्ला दिला असेल, तर तो आता जुना झाला.

पण रकमेवरून ठरवायला बसलात तर फसाल. पीएमएसएस व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या पहिल्या पदवीला आहे : बीई, एमबीबीएस, बीएड, बी फार्म, बीबीए, बीसीए असे. वर एमबीए आणि एमसीए. साधं बीए, बीकॉम करणाऱ्या पोराला ती नाही. त्याला अनुदान आहे, पहिलीपासून पदवीपर्यंत.

दुसरी चाळणी हुद्द्याची. अनुदान हवालदार आणि त्याखालच्यांना, नौदल-हवाई दलात त्या बरोबरीच्यांना. नायब सुभेदार होऊन आलात तर तो रस्ता बंद. पीएमएसएस अधिकारी सोडून सगळ्यांना खुली आहे. शहीद, जखमी किंवा शौर्यपदक मिळालेल्यांच्या मुलांना आधी घेतात, बाकी आपण सगळे शेवटच्या गटात. वडील अजून नोकरीत असतील तर दोन्ही विसरा, त्या माजी सैनिकांसाठीच आहेत. सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांची पीएमएसएस गृह मंत्रालयाकडची, तिचा रस्ता निराळा.

आता गुणांचं, कारण सगळ्यात जास्त घरं इथं अडकतात. अनुदानाला मागच्या वर्गात ५० टक्के पुरतात आणि पुढे शर्यत नसते. पीएमएसएसला किमान ६० टक्के लागतात, आणि देशभरातून वर्षाला ५,५०० च शिष्यवृत्त्या, निम्म्या मुलींना, निम्म्या मुलांना. हे ६० टक्के बारावी बोर्डाचे, सीईटीचे नव्हेत. हल्ली पोरं अकरावीपासून क्लासच्या मागे, कॉलेजला हजेरीपुरती. ओळखीतल्या एकाच्या मुलाला सीईटीत नव्वदीच्या वरचं पर्सेंटाइल आणि बोर्डात ५८ टक्के. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीचा फॉर्म मात्र भरताच आला नाही. तेव्हा पोरगं अकरावीत असेल तर आजच सांगून ठेवा की बोर्डही मोजतात. मिळाल्यावरही दरवर्षी ५० टक्के राखावे लागतात, आणि पहिल्या वर्षाचं गणित काय करतं ते इंजिनिअरिंगवाल्यांना ठाऊक आहे.

पैसे हातात पडतात तो काळही लक्षात घ्या. दोन्हींतलं काहीच प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर उपयोगी पडत नाही. अनुदान वर्ग पास झाल्यावर, मागच्या वर्षाचं मिळतं. पीएमएसएस वर्षातून एकदा खात्यावर येते. पहिली फी पेन्शनीतून नाहीतर सोसायटीतूनच भरायची, हे धरून चला.

खरं सांगू? माझ्या मते इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी यापेक्षा मोठी चीज तिसरीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. महाराष्ट्राच्या कॅप प्रवेशात, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, डिफेन्सच्या ५ टक्के जागा असतात. राज्यातल्या माजी सैनिकाच्या मुलांसाठी त्यातला डीईएफ-१ हा गट. त्या कोट्यातून सरकारी कॉलेजात बसलात तर खासगी कॉलेजच्या फीशी जो फरक पडतो, त्यापुढे ३६,००० काहीच नाहीत. शिवाय मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये असेल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, तर २०२४-२५ पासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. आधी जागा, मग फी, मग शिष्यवृत्ती, या क्रमानं बसा.

युद्धात गेलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा अपंग झालेल्या जवानांच्या मुलांना वरची तुलना लागूच नाही. १९७१ च्या युद्धानंतर आलेली त्यांची वेगळी सवलत पूर्ण शिक्षण फी देते. तिच्यावर आलेली महिना १०,००० ची मर्यादा २०१८ मध्ये उठवली. तिथं हाच रस्ता.

राहिले कागद. पीएमएसएसचा अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा असतो, दुसऱ्या वर्षी जाग येऊन चालत नाही. म्हणून निकालाची वाट न बघता डिस्चार्ज बुक काढा आणि पोराचं नाव, जन्मतारीख दहावीच्या मार्कशीटशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. माझ्या धाकटीचं नाव वैष्णवी. ती जन्मली तेव्हा मी सीमेवर, सुट्टीवरून परतताना घाईत क्लार्कला तोंडी नाव सांगितलं आणि त्यानं इंग्रजीत 'एन' आणि 'ए' उलटसुलट लिहिलं. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा नोंदीत अशी माहिती चढवणारा लष्करी आदेश, तशीच निघाली. सतरा वर्षं ते बुक ट्रंकेत होतं, मी एकदाही उघडून बघितलं नाही. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज, असं करत दुरुस्ती हातात आली तेव्हा फॉर्मची मुदत संपायला चार दिवस होते, आणि कॉलेजचं बोनाफाईड अजून आणायचं होतं.