वजनदार वेकसर्फ बोटीसाठी पंखा घेताना झालेली फसवणूक

कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा, बामणोली, मुनावळे या पट्ट्यात जलक्रीडेचा व्यवसाय वाढू लागल्यापासून जुन्या वेकबोटी आणि त्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांचे फोन आमच्याकडे सतत येऊ लागले आहेत. त्यांच्यापैकी किनारपट्टीवरच्या एका विक्रेत्याने मला आणि माझ्या धाकट्या भावाला नवा म्हणून जो पंखा (बोटीला पुढे ढकलणारा प्रोपेलर) विकला, तो नवा नव्हता आणि त्यावर ठोकलेला पिचचा, म्हणजे पात्यांच्या तिरकसपणाच्या मापाचा, आकडाही खोटा होता. हाच माल आता सातारा जिल्ह्यातील इतर बोटवाल्यांना दाखवला जात असल्याचे कळल्यामुळे हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

वेकसर्फिंग म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर फळीवर उभे राहून सरकण्याचा खेळ, आणि ही लाट उठवण्यासाठी बोट मुद्दाम जड केली जाते. आमच्या बोटीच्या टाक्यांत आणि पिशव्यांत मिळून सुमारे 1500 लिटर, म्हणजे 1500 किलो पाणी भरले जाते आणि त्यावर माणसांचे वजन वेगळे. सर्फिंगचा वेग साधारण ताशी 16 ते 19 किलोमीटर असतो. या वेगाला बोट पाण्यावर पूर्ण उचललेली नसते, नाक वर करून पाणी रेटत चाललेली असते आणि इंजिनावर मोठा भार असतो. अशा वेळी जास्त पिचचा पंखा बसवणे म्हणजे भरलेला ट्रक चौथ्या गिअरमध्ये केळघरच्या घाटात घालणे होय. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाण्यातून तत्त्वतः किती पुढे सरकेल ते अंतर. पिच एक इंचाने कमी केला, तर पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे साधारण 150 ते 200 आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) वाढतात. म्हणून जड बोटीला कमी पिच आणि हलच्या (बोटीच्या तळाच्या) खाली जागा असेल तेवढा मोठा व्यास, असा पंखा निवडतात.

आमच्या बोटीवर आधीपासून 16 पिचचा पंखा होता. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलची मर्यादा 4800 ते 5200 आरपीएम दिली आहे, पण पाणी भरल्यावर आरपीएमचा काटा 4400 च्या पुढे सरकत नसे. त्यात शिवसागराची पूर्ण भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 659 मीटर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के घटते, म्हणजे समुद्रावर मिळणारी ताकद आमच्याकडे सहा-सात टक्क्यांनी कमीच मिळते. हा सगळा हिशेब आम्ही विक्रेत्याला लेखी कळवला होता आणि 14.5 इंच व्यासाचा, 14.25 पिचचा, निब्राल (निकेल, कांसे आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) धातूचा नवा पंखा मागितला होता. त्याने 70 हजार रुपये आगाऊ घेतले आणि त्याच मापाचा म्हणून एका बोटीचा व्हिडिओ पाठवला, ज्यात काटा 5200 पर्यंत सहज जाताना दिसत होता. ती बोट रिकामी होती आणि समुद्रावर चालली होती. जड बोटीच्या पंख्याबद्दल असा व्हिडिओ काहीच सिद्ध करत नाही. चाचणी पूर्ण पाणी भरून, नेहमीइतकी माणसे बसवून आणि आपल्याच जलाशयावर झाली पाहिजे.

पंखा आला तेव्हा त्यावर चकचकीत पॉलिश होते आणि हबवर (पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागावर) 14.5 आणि 14.25 हे आकडे स्पष्ट ठोकलेले होते. बसवून पाणी भरले, तर काटा पुन्हा 4400 वरच. शिवाय शाफ्टमधून कंप जाणवू लागला, जो जुन्या पंख्याला कधीच नव्हता. विक्रेत्याला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पंख्यात काही दोष नाही, तुमच्या इंजिनातच दम राहिलेला नाही. माझा माणूस पाठवतो, इंजेक्टर साफ करून घ्या." त्या माणसाने इंजिन खोलले, वेगळे पैसे घेतले आणि फरक शून्य. खोटा माल खपवून झाल्यावर दोष इंजिनावर ढकलायचा आणि त्याच्या दुरुस्तीचेही पैसे काढायचे, ही या फसवणुकीतली सगळ्यात संतापजनक गोष्ट आहे.

अखेर सातारा एमआयडीसीतील एका अनुभवी टर्नरकडे पंखा नेला. त्यांनी केलेली तपासणी कोणालाही घरी करता येईल. पाणी मागे ढकलणारी बाजू वर ठेवून पंखा सपाट टेबलावर ठेवावा आणि हबवर एक सरळ पट्टी आडवी धरावी. मध्यापासून 127 मिलिमीटर अंतरावर, म्हणजे त्रिज्येच्या साधारण 70 टक्क्यांवर, पात्यावर 40 अंशांच्या अंतराने दोन खुणा कराव्यात. मागच्या कडेला जो बारीक वळ असतो, ज्याला कप म्हणतात, तो या मापात धरू नये. पट्टीपासून दोन्ही खुणांपर्यंतची खोली मोजून त्यांतला फरक काढावा, त्याला 360 ने गुणून 40 ने भागावे, म्हणजे पिच मिळतो. काही पंख्यांत पिच पात्यावर जागोजागी थोडा बदलता असल्याने एखाद्या मिलिमीटरचा फरक मनावर घेऊ नये. 14.25 पिचला हा फरक सुमारे 40 मिलिमीटर यायला हवा होता. आमच्या पंख्याच्या तीन पात्यांवर तो 45, 43 आणि 46 आला. म्हणजे सरासरीने पिच जवळजवळ 16 इंच, आणि तीनही पाती एकमेकांशी न जुळणारी. कंपाचे कारण तिथेच उघड झाले. पॉलिश उतरवल्यावर एका पात्याच्या टोकाला वेल्डिंगची रेघ दिसली, हबवर ग्राइंडरचे ओरखडे दिसले आणि त्यांच्याखाली जुन्या आकड्याचा पुसट ठसाही होता. कुठेतरी आदळून वाकलेला जुना पंखा ठोकून सरळ करून, आकडा घासून, नवा आकडा मारून तो आम्हाला विकला होता. दुरुस्त केलेला पंखा वापरण्यात गैर काही नाही, चांगले कारागीर पिच एखाद-दोन इंच बदलूनही देतात. पण तो दुरुस्त केलेला म्हणून, दुरुस्त मालाच्या किमतीत आणि खऱ्या मापाने विकला पाहिजे.

विक्रेत्याने जीएसटीचे बिल दिले नव्हते, "अंदाजपत्रक" असे लिहिलेला कागद दिला होता. तरीही बँकेतून गेलेले पैसे, मापे लिहिलेले संदेश, तो व्हिडिओ आणि टर्नरने सही करून दिलेला मोजमापाचा कागद एवढा पुरावा आमच्याकडे आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली असून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही, असे आम्हाला काहींनी सांगितले. परंतु 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला या बंधनातून वगळले आहे, म्हणजे तिची तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क नाही. तक्रारीची मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

तो पंखा आम्ही जसाच्या तसा जपून ठेवला आहे. जलाशयावरच्या कोणाही बोटवाल्याला पॉलिश केलेला, बिल नसलेला "नवा" पंखा देऊ केला जात असेल, तर पैसे देण्यापूर्वी त्यांनी बामणोलीला यावे. घासलेला हब कसा दिसतो आणि पात्यांचे माप कसे घ्यायचे, हे आम्ही त्यांना प्रत्यक्ष दाखवू.