टिएरा व्हॅकचा 'व्हॅक वर्ल्ड': १५ गाणी, १५ मिनिटं

२०१८ चा अल्बम आहे पण मी अजून आठवड्यातून एकदा तरी लावतेच, १५ गाणी आणि प्रत्येक बरोब्बर १ मिनिटाचं, म्हणजे चहा ठेवून गाळून पिऊन होईस्तोवर सगळा अल्बम ऐकून होतो. तेव्हा इन्स्टावर व्हिडिओ मिनिटभराचाच टाकता यायचा आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या या रॅपर पोरीने प्रत्येक गाण्याचा तेवढाच व्हिडिओ केलाय, तोही बघाच.

मला सगळ्यात लागलं ते 'पेट सिमेटरी'. गेलेल्या कुत्र्याचं गाणं, मागे भुंकण्याचे आवाज, चाल अशी उड्या मारणारी की आधी मान डोलायला लागते आणि मग शब्द कळले की घशात आवंढा येतो, आमचा मोती गेला त्या वर्षी तर मला हे पूर्ण ऐकवतच नव्हतं. 'डॉ. स्यूस'मध्ये आवाज सुरुवातीला हेलियम ओढल्यासारखा बारीक आणि शेवटी कॅसेट अडकल्यासारखा जाड, भारी प्रकार आहे. एका गाण्यात तर चक्क कंट्रीवाल्यांसारखा (म्हणजे अमेरिकन गावाकडची गाणी गाणाऱ्यांसारखा) हेल काढलाय.

तक्रार एकच, 'हंग्री हिप्पो' रंगात येतं आणि कापलं जातं, ते मला ३ मिनिटांचं हवं होतं यार. बाकी हेडफोन लावून, शफल बंद करून, सलग ऐका.