थोरियम की युरेनियम?

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पूर्वी गॅसबत्त्या जळायच्या. त्यांच्या पांढऱ्या मेंटलमध्ये, म्हणजे ज्योतीवरच्या जाळीत, थोरियम ऑक्साइड असायचं, हे किती जणांना ठाऊक होतं? ते सुमारे 3300 अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, म्हणून तर ते ज्योतीतही टिकायचं. युरेनियमला असं घरगुती रूप आपल्याकडे लाभलं नाही. आपण त्याचं नाव ऐकलं ते बॉम्ब आणि अणुभट्टीमुळेच.

दोन्ही धातू किरणोत्सारी. थोरियम-232 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा साठा क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे 1400 कोटी वर्षं, युरेनियम-238 चं 450 कोटी. म्हणजे थोरियम जास्त सुस्त. पण खरा फरक इंधनात आहे. नैसर्गिक युरेनियममधला जेमतेम 0.7 टक्के भाग, युरेनियम-235, न्यूट्रॉन आदळला की थेट फुटतो आणि ऊर्जा देतो. थोरियम स्वतः तसा फुटत नाही. न्यूट्रॉन गिळून आधी त्याचं युरेनियम-233 व्हावं लागतं. तामिळनाडूतल्या कल्पाक्कमची छोटी 'कामिनी' भट्टी याच युरेनियम-233 वर चालते. केरळच्या मोनाझाइट वाळूत थोरियम मुबलक आहे, तरी आज विजेसाठी मी युरेनियमच निवडेन. सिद्ध झालेलं तंत्र ते.

धोक्याचं म्हणाल तर या दोन्ही धातूंतून निघणारे अल्फा किरण कातडीबाहेर अडतात. धूळ श्वासातून आत गेली की पंचाईत. युरेनियम शिवाय मूत्रपिंडालाही विषारी. एमआयडीसीतल्या वेल्डरांनो, टिग वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टन कांडीत सुमारे 2 टक्के थोरियम ऑक्साइड असतं. घासताना मास्क लावा, नाहीतर सरळ लँथेनमवाली कांडी घ्या.