स्प्रे बूथ: पुठ्ठ्याचा खोका की प्लास्टिकचा डबा?

स्प्रे बूथ म्हणजे स्प्रेने रंग मारताना उडणारा रंग आणि वाफ पंख्याने बाहेर ओढणारी पेटी; ती घरी करायची तर कशाची? बेळगावच्या पावसात पुठ्ठा ओल धरतो, कडा फुगतात. खानापूरकडे तर विचारूच नका. प्लास्टिकचा डबा पुसला की झालं. पण खोका फुकट मिळतो, हवा तसा कापता येतो, खराब झाला की दुसरा.

खरा फरक पंख्याचा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन स्वस्त, पण फिल्टर आणि लांब पाइप जोडला की त्याचा दम जातो; ब्लोअर (बंद कवचातून जोराने हवा ढकलणारा पंखा) तो दाब पेलतो. पाण्यात मिसळणाऱ्या अॅक्रिलिकला खोका-फॅन पुरे. लॅकर रंग पातळ करणाऱ्या थिनरची वाफ मात्र मोटरच्या ठिणगीने पेट घेऊ शकते, तिथे मोटर हवेच्या वाटेबाहेर असलेला ब्लोअरच हवा. मास्क दोन्हीकडे लागतोच. दमट हवेत लॅकरवर येणाऱ्या पांढुरक्या झाकेला कुठलाच बूथ उपाय नाही; उघडीप बघूनच रंग मारा.